कुठलं मुरूड?

मुरूड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी

आंजर्ल्याच्या मुलीस अनेक आशीर्वाद.

नाव घालायचं नाही ही तुझी अट, ती पाळतोय. पण पत्र चारचौघांत लिहिणार हे मीही तेव्हाच बजावलं होतं. आमच्या होमस्टेची साइट गूगलवर दिसेल अशी केलीस, त्याचे पैसे देऊ केले तर 'या कामाचे अमेरिकेतल्या दातांच्या डॉक्टरांकडून रोज घेतेच की, तुमच्याकडून काय घ्यायचे' म्हणून उडवून लावलंस. कोकमाच्या आगळाची बाटली घेतलीस तीही 'आईला हवीच होती' असं म्हणून. पोस्टात ३४ वर्षं लोकांची पत्रं पोचवली, तेव्हा हे एक आपलं पोचवतो.

सुरुवात डिसेंबर २०२२ च्या त्या फोनापासून करतो, कारण तुला तो अर्धाच ठाऊक आहे. नाताळची सुट्टी. ठाण्याचं कुटुंब, सहा माणसं, त्यात एक आजी आणि एक दीड वर्षाचं बाळ. आमचा नंबर त्यांना कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून मिळालेला. रात्री सव्वाआठला फोन आला, 'काका, मुरूडला पोचलो, किनाऱ्यावरच उभे आहोत, तुमचं घर कुठे?' मी बॅटरी घेऊन पाखाडीच्या टोकापर्यंत गेलो. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. विचारलं, आसपास काय दिसतंय? तर म्हणाले, 'जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यांची पाटी आहे.' पोटात गोळाच आला माझ्या. ही मंडळी रायगडातल्या मुरूडला उभी होती. तिथून आमच्याकडे यायचं तर आगरदांड्याला फेरीबोट, दिघीला उतरून श्रीवर्धन, बागमांडल्याला दुसरी फेरीबोट, वेसवीला उतरायचं, मग केळशी, आंजर्लं, हर्णै आणि त्यानंतर आम्ही. रात्रीच्या वेळी, तान्हं मूल घेऊन! त्यांनी तिथेच खोली घेतली. हिने २४ उकडीचे मोदक करून ठेवले होते. नऊ आम्ही दोघांनी खाल्ले, बाकीचे शेजारी गेले. आगाऊ घेतलेले पैसे मी परत पाठवले, आणि चूक त्यांची की आमची यावर आमच्या घरात आठवडाभर वाजत होतं.

खरं सांगायचं तर चूक माझी. आणि लाज वाटावी अशी, कारण हा सगळा जन्म मी याच गोंधळात काढलाय. नुसतं 'मु. पो. मुरूड' लिहिलेली पाकिटं रायगडात फिरून, अंगावर चार शिक्के घेऊन आमच्याकडे यायची. एखादं तर पार लातूरकडच्या मुरूडला जाऊन यायचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला तो याच दुखण्यावर. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो बसवला. टपाल खात्यातला मोठा अधिकारी, आणि संस्कृतात कविता करणारा माणूस. सहा आकड्यांत सगळा देश! जंजिऱ्याच्या मुरूडचा कोड ४०२ ने सुरू होतो, आमचा ४१५ ने. गावाचं नाव एक असलं तरी पहिल्या तीन आकड्यांतच पाकिटाची वाट वेगळी होते. नोकरीत असताना खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला मी 'तालुका लिहा, जिल्हा लिहा, पिन लिहा' म्हणून छळलं. आणि स्वतःच्या वेबसाइटवर मात्र मोठ्या अक्षरांत काय घातलं होतं? 'मुरूड बीच होमस्टे'. बस्स. ना तालुका, ना जिल्हा.

वेबसाइट का केली ते तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी हातात पडायला सहा-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? म्हणून मागच्या पडवीच्या दोन खोल्या केल्या, आधीच्या दोन होत्या, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एका ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. ती दिसायला छान होती. पाहुणा मात्र तिच्यावरून एकही आला नाही. मला वाटलं, लोकांना आवडत नसेल.

मग २०२३ चा जुलै. बदाबदा पाऊस, आंजर्ल्याची वीज सकाळपासून गेलेली, आणि तू रेनकोटातून निथळत आमच्या दारात. 'काका, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे असं ऐकलं. दोन तास ओटीवर बसू का? रात्री मीटिंग आहे.' बसलीस. हिने कुळथाचं पिठलं-भात वाढला. मीटिंग संपल्यावर सहज विचारलंस, 'काका, तुमची साइट आहे का?' मी अभिमानाने पत्ता सांगितला.

पुढचं मी कधी विसरणार नाही. तू गूगलच्या चौकटीत 'साइट' हा इंग्रजी शब्द घातलास, त्याला विसर्गासारखे दोन ठिपके दिलेस, पुढे जागा न सोडता आमचा पत्ता टाकलास आणि बटण दाबलंस. पडद्यावर काहीच आलं नाही. एक ओळसुद्धा नाही. तू पुन्हा दाबलंस. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, 'मास्तरकाका, गूगलच्या लेखी तुमचं घर बांधलेलंच नाही.'

मी त्या मुलाने लिहून दिलेला पासवर्ड शोधून आणला. पंचांगाच्या मागच्या पानावर होता. तू आत शिरलीस. साइट वर्डप्रेस नावाच्या साधनावर बांधलेली. त्याच्या सेटिंग्ज, त्यात रीडिंग, आणि अगदी तळाशी एक इवलीशी चौकट: सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. तिच्यात बरोबरची खूण! साइट बांधताना अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून ती करतात, आणि काम झाल्यावर काढायची असते, हे तू समजावलंस. त्या पोराने काढली नव्हती. वीस महिने. आम्ही दाराला आतून कडी घालून, ओटीवर दिवा लावून पाहुण्यांची वाट बघत होतो. तू ती खूण काढलीस, 'सेव्ह' दाबलंस. अर्धा मिनिट लागला असेल. त्या पोरावर मी चिडलो तेव्हा तूच आवरलंस, म्हणालीस की रोज कुणाची तरी ही खूण राहतेच, मोठमोठ्या कंपन्यांचीसुद्धा.

याहून मजा पुढे. त्याच वर्षी मार्चमध्ये एका कंपनीचा फोन आला होता. 'गूगलच्या पहिल्या पानावर, पहिल्या नंबरावर आणून देतो, गॅरंटी.' १५,००० रुपये घेतले. दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा, त्यात बाण सगळे वर. तू ते रिपोर्ट उघडलेस आणि हसत सुटलीस. परदेशातल्या जुगाराच्या, गोळ्या-औषधांच्या साइटींवर आमच्या नावाच्या ४०० लिंका चिकटवल्या होत्या. आणि ज्या साइटीला पहिला नंबर मिळवून देत होते, ती गूगलमध्ये आहे की नाही एवढंही त्यांनी बघितलं नव्हतं! गूगल स्वतःच लिहून ठेवतं की पहिल्या नंबराची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे तू मला त्यांच्याच पानावर दाखवलंस. मी घाबरून विचारलं, आता या घाणीचं काय करायचं? 'काही नाही. असल्या लिंकांकडे गूगल बहुतेक काणाडोळाच करतं. विसरून जा.' १५,००० मात्र मला अजून विसरता आलेले नाहीत.

चांगली लिंक म्हणजे काय ते तू समजावलंस तेव्हा ही दारात निवडणं करत बसली होती. तू म्हणालीस, 'काकू, स्थळ आलं की तुम्ही चौकशी कुणाकडे करता?' ही म्हणाली, 'ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे त्याच्याकडे.' 'मग झालं. पेज आणि ब्रिन या दोन मुलांनी १९९८ साली गूगल काढलं ते याच हिशेबावर. कोण कुणाचं नाव सांगतंय, आणि सांगणाऱ्याचं नाव किती जण सांगतात.' हिला हे लगेच पटलं. मला दोन दिवस लागले.

मग सुरू झालं खरं काम. त्यात तू मला रडवलंस हे इथे नोंदवून ठेवतो. साइटीच्या माथ्यावर माझी कविता होती, 'निसर्गाच्या कुशीत मनःशांतीचा सोहळा' अशी सुरुवात. तू शांतपणे विचारलंस, 'काका, असं कोण शोधतं?' मी म्हटलं, रसिक शोधतील. तू गप्प. मग म्हणालीस, पंधरा दिवस एक वही ठेवा, फोनवर जो जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, आपली भाषा घालू नका. ठेवली. कोकम-सुपारीच्या हिशेबाची जुनी खतावणी होती, तिची मागची पानं. ती पानं आता समोर आहेत. 'गाडी दारापर्यंत येते का.' 'आजीचे गुडघे दुखतात, कमोड आहे ना?' 'दापोलीपासून किती लांब?' 'खेड स्टेशनवरून रिक्षा मिळते का?' 'मासे मिळतील का?' 'कुत्रा आणला तर चालेल?' 'समुद्र खोलीतून दिसतो का, खरं सांगा.' पंधरा दिवसांत मनःशांतीबद्दल एकानेही विचारलं नाही.

वहीतला एकेक प्रश्न तू साइटीवर ठळक ओळ म्हणून घातलास आणि उत्तरं माझ्याकडून लिहून घेतलीस, जशी फोनवर देतो तशी. दापोली १२-१३ किलोमीटर. रेल्वे खेडपर्यंत, पुढे एसटी किंवा गाडी. कमोड दोन खोल्यांत आहे, दोनांत नाही. समुद्र खोलीतून दिसत नाही, माडांतून चालत पाच मिनिटांवर आहे, रात्री गाज मात्र ऐकू येते. हे शेवटचं लिहायला मी तयार नव्हतो. गिऱ्हाईक जाईल ना! तू म्हणालीस, 'जो जायचा तो इथे येऊन भांडून जाण्यापेक्षा आधीच गेलेला बरा.' मासे आमच्याकडे शिजत नाहीत, हेही असंच ठळक घातलंस, आणि खाली हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो तो बघायला जा म्हणून लिहवून घेतलंस. आमच्या आयुष्यातला पहिला दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू 'नॉनव्हेज नाही' याच कारणाचा होता. त्यानंतर तसा दुसरा आलेला नाही.

कवितेचं म्हणशील तर 'आमच्याविषयी'च्या तळाशी ठेवू दिलीस. महिन्यातून तीन-चार जण गूगलवरून त्या पानावर येतात असं तुझा तो सर्च कन्सोल, म्हणजे शोधातून साइटीवर किती जण आले ते मोजणारं गूगलचं साधन, सांगतो. माझ्यासाठी पुष्कळ झाले.

मुरूडचा गुंता मात्र तू पोस्टातल्या माणसासारखा सोडवलास. ब्राउझरच्या पट्टीत आमच्या साइटीचं नाव होतं 'होम', आणि पुढे 'जस्ट अनदर वर्डप्रेस साइट'. म्हणजे पाकिटावर पत्त्याच्या जागी 'घर, आणखी एक घर' लिहिल्यासारखं. तिथे आलं: 'मुरूड, दापोली येथे घरगुती शाकाहारी होमस्टे, कर्दे आणि हर्णैजवळ'. तळाशी पूर्ण पत्ता, पिनसकट. आणि एक वेगळं पान, ज्याची कल्पना माझी होती हे तू चारचौघांत मान्य केलं आहेस: 'कुठलं मुरूड? दापोलीचं आणि जंजिऱ्याचं'. दोन्हीकडे कसं जायचं, कोणत्या फेरीबोटी, कुठे काय बघायचं. जंजिऱ्याला जायचं असेल तर तिथेच राहा, आमच्याकडे येऊ नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आमच्या साइटीवर सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच पान. इंग्रजी पान वेगळं केलंस, कारण आपली माणसं शोधतात मराठीत पण टंकतात इंग्रजी अक्षरांत, आणि हर्णैच्या शेवटी कोणी 'ई' लावतं, कोणी 'आय' लावतं.

जेवणाच्या दरपत्रकाचीही अशीच गोष्ट. दापोलीतल्या छापखान्यातून करून आणलेलं, जुन्या फाँटात. त्या मुलाने ते तसंच चिकटवलं तर साइटीवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खिचडा दिसायचा, म्हणून मग त्याने त्याचा फोटो काढून लावला. तू म्हणालीस, फोटोतली अक्षरं गूगल धड वाचेल या भरवशावर राहू नका. मग हिने सांगितलं आणि मी मोबाइलवर युनिकोडात टंकलं: उकडीचे मोदक (आदल्या दिवशी सांगणे), आंबोळी, फणसाची भाजी, सोलकढी. पानगी राहिली होती, ती हिने रात्री अकराला उठून आठवण करून घालायला लावली.

फोटोंच्या वर्णनाचं काम तू हिलाच दिलंस, आणि ते मला सगळ्यात आवडलं. एकेक फोटो आठ एमबीचा, मोबाइलवर उघडेस्तोवर चहा व्हायचा. ते तू बारीक केलेस. मग म्हणालीस, 'काकू, ज्याला दिसत नाही त्याला हा फोटो सांगा. आंधळ्या माणसाचा मोबाइल हे वाचून दाखवतो, आणि गूगललाही कळतं.' ही ओटीच्या कठड्याला टेकून सांगत होती, तू लिहीत होतीस: 'जांभ्या चिऱ्यांच्या तीन पायऱ्या, डावीकडे तुळशीवृंदावन, पायरीवर वाळत घातलेली आमसुलं.' चाळीस वर्षं या घरात राहतोय. वृंदावन डावीकडे आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नकाशाचं काय सांगू. कुठल्याशा पाहुण्याने टाकलेला आमच्या घराचा ठिपका चक्क पुळणीवर, भरतीच्या रेषेपलीकडे होता. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची आपली नोंद, आपल्या नावावर करून घ्यायची तर व्हिडिओ मागतात, तोही सलग, न थांबवता: रस्ता, पाटी, घर, आणि कुलूप उघडून दाखवायचं म्हणजे मालक तुम्हीच हे पटतं. पहिल्या वेळी शेजारच्यांचा कुत्रा मागे लागला. दुसऱ्या वेळी कुलूप उघडेना. कोकणात जुलैमध्ये कुलूप उघडत नाही हे गूगलला कोण सांगणार? खोबरेल घातलं. तिसऱ्या वेळी सगळं जमलं आणि नेमकी ही आतून ओरडली, 'अहो, दूध उतू गेलं!' तसाच पाठवला. मंजूर झाला. नकाशावर कोण वर दिसतं याचे तीन निकष तू सांगितलेस ते मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत: जुळतं किती, जवळ किती, नावाजलेलं किती. जवळचं आपल्या हातात नाही, पहिल्या आणि तिसऱ्याला मात्र घाम गाळता येतो.

नावाजलेलं होण्यासाठी मी मुंबईच्या सगळ्या भाच्यांना पाच-पाच तारे द्यायला सांगणार होतो. तू डोळे वटारलेस. खोटे रिव्ह्यू नकोत, चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत नको, गूगलच्या नियमात बसत नाही. निघताना खऱ्या पाहुण्याला नुसतं विचारायचं. विचारतो. दहांतले दोघे लिहितात. ठाण्याच्या सहा जणांनीही एक लिहिलाय, ते मागच्या मे महिन्यात आले, या वेळी बरोबर मुरूडला.

कासवांचं पानही तुझ्याच आग्रहाचं. वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला लोक येतात आणि आम्हाला तारीख विचारतात. अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात, पण नेमकी कुठल्या दिवशी ते कासवच जाणे. तेवढंच प्रामाणिकपणे लिहिलं, कसं जायचं ते लिहिलं. पुण्याच्या एका भटक्यांच्या गटाने आपण होऊन त्याची लिंक दिली. ती बघून तू ओटीवर टाळी वाजवलीस. ४०० जुगारी लिंका एकीकडे आणि ही एक एकीकडे.

आकडे सांगितले नाहीत तर कुणी म्हणेल मास्तर नुसतं कौतुक करतोय. पहिल्या महिन्यात गूगलवरून तीन जण आले. त्यातली एक तू होतीस आणि एक मी. एप्रिल २०२४ मध्ये २१४. 'दापोली हॉटेल' शोधलं तर आम्ही अजूनही कुठे नाही, तिथे मोठमोठ्या बुकिंगच्या साइटी ठाण मांडून बसल्यात. तू आधीच सांगितलं होतंस की तिथे डोकं आपटायचं नाही. पण 'मुरूड दापोली शाकाहारी घरगुती' असं काही शोधलं तर वरच्या चारांत. चार खोल्यांना पुष्कळ झालं. यंदाच्या मेमध्ये निम्म्याहून जास्त पाहुणे थेट फोन करून आले, म्हणजे त्या बुकिंगवाल्यांचं १८ टक्के कमिशन वाचलं, आणि त्यांतून पोफळीची ६० नवी रोपं लावली. ती तू बघितली नाहीस अजून.

आता गौरीगणपती जवळ आले. तुझ्या आईला सांग, आगळाची दुसरी बाटली भरून ठेवली आहे, आणि तुझा स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिलाय.

तुझा,
पोस्टातला मास्तरकाका

ता. क. काल रात्री गूगलचा मेल आलाय. नकाशावर कुणीतरी आमचं घर 'कायमचे बंद' असल्याचं सुचवलंय, आणि खाली हो की नाही विचारलंय. मी कशालाच हात लावलेला नाही. संध्याकाळी मीटिंगच्या आधी येऊन जा. वीज आहे.